नानांच्या ट्रेलरचे मागचे दिवे

गॅरेजात दोन गोष्टी साठतात, भंगार आणि किस्से. भंगार निदान भंगारवाला येऊन उचलून तरी नेतो. किस्से कोण नेणार? ते घरातच बसून राहतात आणि चार माणसं चहाला जमली की एकेक आपोआप बाहेर पडतो. आता जीपचा विषय तुम्हीच काढलात, तेव्हा बसा आणि ऐका!

पन्नास सालानंतरची ती दोनतीन वर्षं. कल्याण कॅम्पाचं उल्हासनगर होऊन फार दिवस झाले नव्हते आणि सगळ्यांच्या तोंडी अजून 'कॅम्प'च होता. लष्कर निघून गेलं, बराकीत सिंधी कुटुंबं राहायला आली, आणि लष्कराच्या जुन्या जीपगाड्या लिलावात निघाल्या. अशा एका बराकीच्या भिंतीला टेकून पत्र्याची शेड होती. तेच आमचं गॅरेज. मालक दादा टेकचंद, सिंधातल्या शिकारपूरहून आलेले. आणि त्यांचा वायरमन, म्हणजे मी, गजानन, अंबरनाथचा.

जीपच्या मागे जोडायचे ट्रेलरही लिलावात मिळत. त्यांचे दिवे मोठे मजेशीर. लढाईत शत्रूला दिसू नयेत म्हणून काचेवर पत्रा आणि पत्र्याला एक बारीक फट. शत्रूला दिसत नव्हते ते ठीक आहे हो, पण मागून येणाऱ्या बैलगाडीवाल्यालाही दिसत नसत! ते काढायचे, चांगले लाल दिवे बसवायचे आणि जीपपासून तिथपर्यंत वायर ओढायची, हे आमचं काम. मला ते मनापासून आवडायचं.

अडचण एकच होती. माझ्या आईला सून हवी होती, मलाही बायको हवी होती, आणि "मुलगा कॅम्पात गॅरेजात असतो" म्हटलं की समोरचा माणूस पत्रिका परत करायचा. गॅरेज ठेवून लग्न कसं जमवायचं, एवढाच माझ्या आयुष्यातला प्रश्न होता. बाकी मी मजेत होतो.

*

दादांना मराठी यायचं ते असं की "माझा गाडी आली" आणि "तुझी बाप गेली". त्यात ठोकाठोकीने कान कमी झालेले. गिऱ्हाईक काही बोललं की दादा मान वर करून ओरडायचे, "छा?"

सिंधीत 'छा' म्हणजे 'काय'. समोर रत्नागिरीकडच्या सावंताचं हॉटेल होतं. त्याला हे कुठे ठाऊक? दादांनी "छा?" म्हटलं की तो कप भरून पाठवायचा. एखादं गिऱ्हाईक हळू बोलणारं निघालं की टेबलावर कपांची रांग लागायची.

दादा मला गहिवरून म्हणाले, "गजा, मराठी माणूस किती प्रेमळ! तोंड उघडला की चहा पाठवतो!"

आणि सावंत मला बाजूला घेऊन म्हणाला, "तुझ्या शेटच्या पोटात जागा तरी किती रे?"

*

नाना म्हणजे बदलापूरचे गवताचे व्यापारी. बारवीकडच्या डोंगरातल्या पाड्यांवरून गवत आणायचे. बैलगाडी जिथे हात टेकायची तिथे नानांची जीप चढायची. एका संध्याकाळी मागून येणाऱ्या बैलांनी त्यांचा ट्रेलर न बघता सरळ तोंड घालून गवत खाल्लं, तेव्हा नाना ट्रेलर घेऊन आमच्याकडे आले. "दिवं लावा! न्हायतर गवत बैलच खातील आन मी उपाशी राहीन!"

मला तेव्हा गॅरेजात लागून दोनच दिवस झाले होते. जीपला ट्रेलर अडकवायचा हूक गंजून घट्ट बसला होता, म्हणून मी हातोडा घेऊन तिथे उभा. दादा ट्रेलरखाली आडवे. बटण चालू, पण दिवा काही लागेना. दादांनी वायर पिळली आणि खालून विचारलं, "हाणे?"

मी हाणला. हुकावर, जोरात!

दिवा लागला!

"आली! बत्ती आली!" दादा खालून ओरडले. थोड्या वेळाने दिवा परत गेला. दादांनी परत वायर पिळली, परत "हाणे?", मी परत हाणला, आणि परत उजेड! मला वाटलं, काय उस्ताद माणूस आहे, नेमकं कधी हाणायचं ते याला कळतं. दादांना वाटलं, आपल्या हाताला काय गुण आहे!

सिंधीत 'हाणे' म्हणजे 'आता' हे मला पुढे सावंताने सांगितलं. त्यालाही 'छा'चा उलगडा तोवर झालेला होता. मी दादांना खरं सांगितलं तेव्हा ते हसत हसत ट्रेलरच्या चाकाला टेकून खालीच बसले.

*

अर्थात, हातोड्याने लागलेला दिवा नानांच्या रस्त्यावर कुठला टिकायला? पहिल्याच चढाला गेला. नाना परत हजर.

या वेळी दादांनी नीट शोध घेतला. दिव्याला करंट जायला वायर लागते आणि परत यायला गाडीचं लोखंड चालतं. या परतीच्या वाटेला गॅरेजात 'अर्थ' म्हणतात. आमचा अर्थ हुकातून जात होता, आणि हुकावर होता गंज. हातोडा बसला की गंज हलायचा, तेवढ्यापुरता दिवा लागायचा.

दादा बाहेर आले, हात पुसले आणि नानांना गंभीर चेहऱ्याने म्हणाले, "नानासाब, तुमच्या ट्रेलरला अर्थ नाही."

नानांचा चेहरा उतरला. "अवो, मंग लिलावात बोली लावताना सांगायचं ना!"

"मी सांगतो, अर्थ लावून देतो."

"कसला अर्थ लावता? गवत भरायचं त्यात! गवताला कसला अर्थ?"

मी मध्ये पडलो आणि नानांना सगळं समजावलं. मग हुकावर अवलंबून न राहता अर्थाची वेगळी वायर ओढली. तेव्हापासून नाना पाड्यापाड्यावर सांगत सुटले, "पोराच्या बोलण्यात काय नसंल, पर कामात अर्थ हाय!"

*

एवढ्याने संपलं असतं तर! लष्कराच्या वायरी वर्षानुवर्षं उन्हात राहून सगळ्या एकाच रंगाच्या झाल्या होत्या. लाल कुठली, निळी कुठली, काही कळायचं नाही. ब्रेक दाबला की मागे दिवा लागावा म्हणून दादांनी एक जोड दिला आणि नाना अंबरनाथच्या बाजारातून निघाले. समोर म्हैस आली. नानांनी ब्रेक दाबला, आणि जीपने भोंगा वाजवला!

म्हैस पळाली, भाजीवाल्या पळाल्या. पुढे बाजार संपेपर्यंत जिथे जिथे ब्रेक, तिथे तिथे भोंगा. जोड नीट चालतो का बघायला दादा आणि मी सायकलवरून मागे येतच होतो, आता जीव खाऊन पेडल मारायला लागलो. दादांना तर घाम फुटला होता. गाठल्यावर दादांनी हात जोडले, "माफ करा, आता बदलून देतो."

नाना म्हणाले, "खबरदार हात लावाल तर! एवढा मान मला आजवर मिळाला न्हवता!"

शेवटी तो जोड मी त्यांना बोलण्यात गुंतवून बदलला. पुढे बरेच दिवस नाना कुरकुरत होते की जीपचा आवाज बसलाय.

*

अशा नानांनी माझं लग्न जमवायचं मनावर घेतलं!

कुळगावात एक मास्तर होते. नानांची मुलं त्यांच्याच हाताखाली शिकलेली. मास्तरांची मुलगी कुसुम. नानांनी जात, गोत्र, पत्रिका सगळं आधी जुळवून पाहिलं आणि मग ओटीवर विषय काढला. मुलगा निर्व्यसनी आहे, आईला सांभाळतो, वगैरे वगैरे. मास्तर कडक. त्यांनी चष्म्यावरून बघत विचारलं, "ते राहू द्या. मुलगा काय दिवे लावतो?"

नाना म्हणाले, "मागचं! दोनी!"

मास्तरांना ही थट्टा वाटली. ते नानांना तिथून हाकलूनच देणार होते, पण आतून कुणीतरी हसल्याचं नानांनी स्वतःच्या कानांनी ऐकलं. हे त्यांनी मला गॅरेजात येऊन सांगितलं, तेव्हा मी हातातला पाना पायावर पाडून घेतला.

मास्तरांनी शेवटी अट घातली. मुलगी दाखवतो, पण गॅरेज सुटलं पाहिजे. अंबरनाथच्या एका कारखान्यात त्यांच्या ओळखीने कारकुनाची जागा होती. ती घ्यायची, मगच लग्न.

मी दादांना सांगितलं. ते बराच वेळ पान्यांचा डबा आवरत राहिले. मग म्हणाले, "घे नोकरी, पुट, बेटा. डोक्यावर पंखा असतो. मी शिकारपूर सोडून आलो, तरी जगलो ना? तू तर इथून तिथेच जातोस."

मला फार वाईट वाटलं. त्या दिवशी मी एकही वायर धड जोडली नाही.

*

मुलगी बघायला आम्ही निघालो ते नानांच्या जीपमधूनच. नाना चालवायला, शेजारी आई, आणि मागे ट्रेलरमध्ये गवताच्या पेंढीवर मी आणि दादा. माझे वडील नव्हते, म्हणून माझ्या बाजूचा वडीलधारा माणूस म्हणून आईने दादांनाच चला म्हटलं होतं. दादांनी कोट घातला होता. कुळगावात उतरलो तेव्हा माझ्या पांढऱ्या शर्टाला पाठीमागून इतकं गवत चिकटलं होतं की मास्तरांच्या गाईने आधी माझं स्वागत केलं!

कांदेपोहे झाले. कुसुम येऊन बसली. आईने तिला स्वयंपाकाचं विचारलं, दादांनी "नाव छा?" विचारलं, आणि नशीब, तिथे सावंत नव्हता. मग मास्तर माझ्याकडे वळले. "कारखान्याचं काय ठरवलंत?"

हो म्हणावं तर गॅरेज जातंय, नाही म्हणावं तर समोर बसलेली ही मुलगी जातेय. आणि खरं सांगतो, ती आवडली होती मला. बघताक्षणीच आवडली होती.

तेवढ्यात तीच बोलली. त्या काळी मुलीने असं बोलायची रीत नव्हती. खाली बघतच तिने विचारलं, "गाडी चालवणाऱ्याला आपला मागचा दिवा दिसतो का?"

मास्तरांनी घसा खाकरला. आई माझ्याकडे बघायला लागली.

"नाही," मी म्हणालो. "त्याला वाटतं लागलाय, आणि तो कधीच गेलेला असतो. मागे कुणी बघणारं असलं तरच कळतं."

"अस्सं," ती म्हणाली आणि पोह्यांच्या बशा उचलून आत गेली.

"मी गॅरेज सोडणार नाही," मी म्हणालो. कसं म्हणालो, मलाच ठाऊक नाही. दादांनी कपाळाला हात लावला.

मास्तर उठून उभे राहिले. "ठीक आहे. नानांकडून काय ते कळवतो." कळवतो म्हणजे काय ते आम्हाला पाठ झालं होतं. आईने डोळे पुसले.

दिवेलागणीला निघालो. मी आणि दादा पुन्हा ट्रेलरमध्ये, मागे तोंड करून. नानांनी दिव्यांचं बटण दाबलं. कुळगावची ती गल्ली म्हणजे नुसते धोंडे, ट्रेलर उड्या मारत होता. मास्तरांचं दार मागे मागे चाललं होतं. दारात मास्तर उभे होते आणि त्यांच्यामागे ती. दादा माझ्या पाठीवरून हात फिरवत होते.

एवढ्यात कुसुम मास्तरांना ओलांडून बाहेर आली. पदर खोचला आणि धावायला लागली. अनवाणी! शेजारच्या ओटीवरच्या बायका उठून उभ्या राहिल्या. "अगं, अगं कुसुम!" म्हणत मास्तर धोतर सावरत तिच्यामागे.

"नाना, थांबवा!" मी ओरडलो. जीप थांबली. सगळी गल्ली दारात आली होती.

ती ट्रेलरपाशी येऊन थांबली. धापा टाकत होती. आधी खाली वाकून बघितलं, मग वर माझ्याकडे.

"डावा गेलाय," ती म्हणाली.

मागून मास्तर पोचले. त्यांनी एकदा मुलीकडे बघितलं, एकदा ट्रेलरच्या डाव्या कोपऱ्याकडे, मग दारादारात उभ्या असलेल्या लोकांकडे. चष्मा काढला, उपरण्याने पुसला आणि परत लावला.

"ऐकलंत ना, जावईबापू?" ते म्हणाले. "उतरा खाली."