दानियलची नोंद

आमच्या कमिटीत माणसं चार आणि किस्से चाळीस. काम तसं गंभीर. धर्मापायी जगात जी माणसं मारली गेली त्यांची नावं एक परदेशी संस्था जमवते, आणि वर्षातून एक दिवस ती गावोगाव मोठ्याने वाचली जातात. बनारसात वाचतो आम्ही. पण काम गंभीर म्हणून बनारस थोडंच गंभीर होतं!

पहिल्या वर्षी संस्थेचा फॉर्म आला. "सभागृहाची क्षमता किती?" सेक्रेटरी मी. सभा भोसले घाटाच्या पायऱ्यांवर, तेव्हा लिहिलं, "गंगेला पूर आला तर कमी." उत्तर आलं, "कृपया पूर टाळावा."

सभेत दोन मिनिटं स्तब्धता होती. आमच्या अध्यक्ष कुसुमताई, विद्यापीठातून रिटायर झालेल्या, डोळे मिटून उभ्या. तेवढ्यात एक नाववाला आला. "माताजी, नाव चाहिए?" ताई डोळे न उघडता म्हणाल्या, "डेढ़ मिनट बाद." तो मुकाट्याने हात जोडून आमच्यातच उभा राहिला. आता दरवर्षी येतो.

दुसऱ्या वर्षी नावं वाचायला दामूशास्त्री. पंचगंगा घाटावरचे तीर्थोपाध्याय, कमिटीतले तिसरे. हाताशी गंगा पाहून त्यांना राहवेना. प्रत्येक नावाला ते पाणी सोडायला लागले. गोत्र माहीत नसलं की काश्यप म्हणायचं, या रिवाजाने जगभरचे सगळे काश्यप गोत्री झाले. शेवटी यादीला जोडलेल्या एका चिठ्ठीवरचं नाव आलं, दानियल. त्याचा धाकटा भाऊ इलियास, इथे शिकायला आलेला ख्रिस्ती मुलगा, आमचा चौथा मेंबर. तो उठला.

"शास्त्रीजी, भैया से कहा था, धर्म छोड़ो. नहीं छोड़ा, तो मार दिया. आपने एक मिनट में छुड़वा दिया."

शास्त्रींनी पळी खाली ठेवली. "गलती हो गई, बेटा." मग पहिल्यापासून सगळी नावं पुन्हा वाचली, नुसती नावं. मला तर रडूच आलं.

दानियलचं नाव चिठ्ठीवर होतं, कारण संस्थेच्या यादीत ते नव्हतंच. संस्थावाले म्हणत, नाव नोंदलेला कुठला तरी कागद द्या. गावातलं चर्च जाळलेलं, रजिस्टरं त्यातच गेली. इलियास तीन वर्षं पत्रं लिहीत होता. हे ऐकून शास्त्री त्याला घरी घेऊन गेले, मागोमाग आम्ही. त्यांनी लाल कापडातली यजमानांच्या वंशावळींची वही सोडली. यजमान येतो, आपल्या हाताने गाव, बाप, भाऊ, गेलेले-असलेले सगळे लिहितो. आधीची पानं मोडी लिपीत, आमचे पणजोबाही त्यात.

"लिख. अपनी लिपि में."

इलियासने उजवीकडून डावीकडे सगळं घर लिहिलं. गोत्रापाशी थांबला.

"खाली छोड़ दे," शास्त्री म्हणाले. "वह उसका अपना है."

खाली सही, साक्षीला आम्ही तिघं. खरी हकिगत जोडून पानाची फोटोकॉपी मी धाडली आणि आशा सोडून दिली.

पुढच्या वर्षीची यादी आली. ताईंच्या हातून मी ती जवळजवळ हिसकावली. दानियल होता! बापाच्या नावासकट, गावासकट. शेजारच्या रकान्यात, जिथे बाकीच्यांपुढे चर्च, मशीद, कोर्ट असं काहीबाही होतं, तिथे छापलं होतं: "आधार : कुटुंबाचे उपाध्याय, पंचगंगा घाट, वाराणसी."