भोपळ्याचे सरळ दात

हे मी आजवर कुणाला बोललो नाही. चर्चच्या पाळकसाहेबांना नाही, पोटच्या पोरालाही नाही. देवापुढं गुडघे टेकले तरी एवढा भाग गाळूनच प्रार्थना केली. तिसरी शिकलेला माणूस मी, लिहायला हात वळत नाही. पण हे बोलायला जीभ तेवढीही वळत नाही, म्हणून लिहायलोय. वाचा. वाचून झाल्यावर मला काही सांगू नका.

मी गवंडी. लातुरात आमच्या चर्चच्या आवाराची भिंत माझ्या हातची — ओळंबा लावून बघा, एक वीट पुढंमागं सापडायची नाही. पुढं मंडळीचा, म्हणजे चर्चच्या सभासदांचा, पंच झालो. महिन्याच्या पहिल्या रविवारी प्रभुभोजनाचं ताट, द्राक्षरसाच्या इवल्या पेल्यांनी भरलेलं, बाकाबाकांतून मीच फिरवतो. ताट कधी हललं नाही. याचा मला गर्व आहे, तो मी लपवत नाही. लपवलं ते दुसरंच.

सात वर्षं झाली. आमची नात रिबका तेव्हा सात वर्षांची होती. औशाच्या रस्त्याला तिची इंग्रजी शाळा. ऑक्टोबर सरता सरता शाळेतून निरोप आला — हॅलोवीन आहे, लेकरांनी भुताचं सोंग घेऊन यावं, सोबत भोपळ्यात कोरलेलं तोंड आणावं. माझी सून एस्तेर लगेच जुन्या काळ्या ओढणीचा झगा शिवायला बसली. एस्तेर तेव्हा चर्चच्या रविवारच्या शाळेत लेकरांना शिकवायची. आठवडाभर तिचं तेच चालायचं — कागदाची मेंढरं कापायची, गाण्याचे हावभाव बसवायचे. नवरा नांदेडला नोकरीला, पंधरा दिवसांनी यायचा. रविवारची ती लेकरंच तिचा आनंद होती. हे मला ठाऊक होतं. नीट ठाऊक होतं.

मी म्हणालो, हे आपल्यात चालत नाही. का म्हणालो? रेणापूरकडच्या आमच्या गावात माझ्या बापानं बाप्तिस्मा घेतला, तेव्हा घरातले गंडेदोरे, अंगाऱ्याची पुडी, उंबऱ्यावरचं लिंबू, सगळं एका फडक्यात बांधून नदीत सोडलं. पुढं मला ताप चढला. सारी गल्ली म्हणाली, बाहेरची बाधा आहे, उतरवून टाका. बाप हटला नाही. मी वाचलो. अशा माणसाच्या पणतीनं भूत होऊन शाळेत नाचायचं?

एस्तेर मशीन न थांबवता म्हणाली, "मामा, आजोबांनी भीती नदीत सोडली ना? मग जे वाहून गेलं त्याचं सोंग घेतलं तर काय होतंय?"

बोलणं बिनतोड होतं. आजही आहे. पण बोलणं बिनतोड म्हणून मी कधी माघार घेतली आहे होय?

दुसऱ्या दिवशी दुपारी एस्तेर दोरा आणायला बाहेर गेली. रिबका मांडीवर लाल भोपळा घेऊन त्याच्यावर सुरी घासत बसली. पोरगी हात कापून घेईल म्हणून मी भोपळा घेतला — नाही, हेही खोटंच. ती वाकडं कापत होती. मला ते बघवलं नाही, म्हणून घेतला.

कानावरची पेन्सिल काढली. सुतळीनं माप धरलं, मधोमध रेघ मारली. दोन डोळे, एक नाक. वर सहा दात, खाली पाच, सगळे एका मापाचे.

"आबा, भुताचे दात वाकडे असतेत!"

"माझ्या हातून वाकडं निघत न्हाई."

"मग हे भूत न्हाई, पाळकसाहेब दिसायलेत!"

मी हसलो. लई हसलो. बायको गेल्यापासून तसा हसलो नव्हतो. एस्तेर दारात येऊन बघत उभी राहिली. टोमणा मारायची संधी होती, तिनं मारला नाही. झगा घातलेल्या पोरीचा भोपळ्यासकट फोटो काढला तेवढा.

तो फोटो फिरत फिरत मंडळीतल्या सगळ्यांच्या मोबाइलवर गेला. पुढच्या रविवारी उपासना संपल्यावर सभा बसली. ख्रिस्ती लेकरांनी हे करावं का? कुणी म्हणालं, शाळेतला खेळ आहे, सोडून द्या. कुणी म्हणालं, सैतानाला पाट मांडून दिला. एक पंच म्हणाले, "बाई, तुम्ही आमच्या लेकरांना प्रार्थना शिकवता अन् घरी हे करता?" वर हेही म्हणाले — "पण कोरलंय मात्र सफाईनं." ते ऐकून मला आतून बरं वाटलं. बघा, तेव्हासुद्धा बरं वाटलं.

मग सगळे माझ्याकडं बघायला लागले. घर माझं होतं. मी उभा राहिलो. म्हणालो, "मला काही ठाऊक न्हाई. माझ्या माघारी झालं. ख्रिस्ती घरात भुताला जागा न्हाई, मग करणारी माझी सून का असंना."

"कोरलं कुणी?"

रिबका आईच्या मांडीवर होती. तिनं तोंड उघडलं. एस्तेरनं तिचं डोकं पदरात ओढून घेतलं आणि म्हणाली, "मीच."

मी खाली बसलो.

तीन महिने रविवारची शाळा बंद, तीन महिने प्रभुभोजन बंद, असं ठरलं. मी हात वर करून मंजुरी दिली. पुढच्या महिन्याच्या पहिल्या रविवारी ताट घेऊन तिच्या बाकापाशी आलो. अलीकडच्या बाईनं पेला घेतला, मी एस्तेरला ओलांडून पलीकडच्या बाईपुढं ताट धरलं. ताट हललं नाही. सगळ्यांचं झाल्यावर शेवटी मी माझा पेला घेतला आणि प्यालो.

तीन महिन्यांनी ताट तिच्यापुढं परत गेलं. रविवारच्या शाळेतली लेकरं परत मिळाली नाहीत. तोवर दुसऱ्या बाईकडं दिली होती. एस्तेरनं मागितली नाहीत. मी पंच असून एका शब्दानं बोललो नाही. घरात तिनं हा विषय कधी काढला नाही. चहा वेळेवर येतो, मामा म्हणते. फक्त पूर्वी जड काही चिरायचं असलं की माझ्यापुढं आणून ठेवायची. आता भोपळा आणला की तो ती स्वतः चिरते.

ख्रिस्ती माणसानं हॅलोवीन करावं का? मला विचाराल तर आजही नाहीच म्हणेन, आणि ताठ मानेनं म्हणेन. पण त्या दुपारी मी केलं, आणि मला गोड लागलं. मग भर मंडळीत ते सुनेच्या अंगावर टाकलं. मी घाबरलो होतो का? कुणाला घाबरणार? भिंत माझी, ताट माझं. ती काही म्हणणार नाही, हे ठाऊक होतं, एवढंच.

रिबका आता चौदाची आहे. तिचं दृढीकरण, म्हणजे मोठ्यांच्या बरोबरीनं मंडळीत घ्यायचा विधी, झाला की येत्या ईस्टरला ती पहिल्यांदा प्रभुभोजन घेईल. आईच्या शेजारी बसेल. ताट माझ्याच हातात असेल.

एस्तेर पेला उचलते तेव्हा माझ्याकडं बघत नाही. रिबका बघेल.