सहमत आहात की नाही

भाऊजींचा निकाल लागला तेव्हा त्यांची तेरवी होऊन गेली होती. बारावीच्या पुरवणी परीक्षेचा निकाल. कॉलेजच्या स्टाफरूममध्ये बसून मी मोबाइलवर त्यांचा बैठक क्रमांक टाकला. टाकायची काही गरज नव्हती. माझी मोठी बहीण, जिला मी बाई म्हणतो, तिने सकाळीच फोनवर बजावलं होतं, "नको पाहू. पाहून काय करतं आता?" तरी पाहिलं. अर्थशास्त्र : पस्तीस. उत्तीर्ण. शेजारी बसलेल्या मराठीच्या मॅडमनी विचारलं, "कोणाचा निकाल?" मी म्हणालो, "आमच्या भाऊजींचा. पास झाले." त्या "अरे वा, पेढे..." एवढं म्हणाल्या, मग त्यांना आठवलं, आणि त्या समोरच्या पेपरांच्या गठ्ठ्यात डोकं घालून बसल्या. मला रडू आलं असतं तर बरं झालं असतं. मला राग आला. अजून उतरलेला नाही, आणि तो नेमका कशाचा आहे हे स्वतःला समजावण्यासाठीच हे लिहायला बसलो आहे.

नामदेवभाऊजी माझ्या बहिणीचे यजमान. माजरीच्या पलीकडे त्यांचं गाव होतं. कपाशी, सोयाबीन, थोडी तूर, विहीर, बैलजोडी, आणि दिवसभर कोणाशी तरी वाद. वाद घालणं हा त्यांचा खरा पेरा. बाईचं लग्न झालं तेव्हा मी शाळेत होतो, आणि मांडवातच त्यांनी मला विचारलं होतं, "काय रे, पृथ्वी फिरते म्हणतेत, मंग आपली विहीर सकाळी तिथंच कशी सापडते?" मी पुस्तकातलं उत्तर दिलं. ते म्हणाले, "हे तं पुस्तकातलं झालं. तुले पटलं का?" पुढची सगळी वर्षं आमचं हेच चाललं. मी उत्तर द्यायचो आणि ते पटलं का म्हणून विचारायचे. मी अर्थशास्त्राचा शिक्षक झालो तेव्हापासून माझं नाव घरात बंद झालं आणि मी 'मास्तर' झालो, तेही अशा सुरात की ऐकणाऱ्याला ती शिवी वाटावी.

मग कोळशाची खाण आली. गाव उठलं, रस्त्यालगत एका रांगेत नवी वस्ती बसली, आणि जमिनीच्या बदल्यात भाऊजींना डंपर चालवायची नोकरी लागली. आता इथे लोकांना वाटतं की पुढे हुंदके असणार. तसं काही नव्हतं. भाऊजींना डंपर आवडायचा. पगार आवडायचा. घरात फ्रिज आला तेव्हा आठवडाभर ते येणाऱ्या-जाणाऱ्याला थंड पाणी पाजत होते. बैल विकले होते, म्हणून पोळ्याला ते डंपरच्या नाकाला हळदकुंकू लावायचे आणि वरून म्हणायचे, "हा बसत नाई, अन् कडबाही मागत नाई." गाव परत पाहिजे असं ते मला एकदाही म्हणाले नाहीत.

पण डंपरने त्यांची पाठ खाल्ली. खाणीतल्या खडकाळ रस्त्यावरून दिवसभर आदळून घरी आले की खाटेवर सरळ पडता यायचं नाही, भिंतीला टेकून बसून झोपायचे. छातीत जळजळतं म्हणायचे आणि सोडा प्यायचे. खाणीच्या ऑफिसात बाबूची जागा मिळू शकत होती. अट एकच, बारावी पास. भाऊजी दहावीवर थांबलेले. बाईने मला बोलावून सांगितलं, "काईबी कर, पन यायले एकदा खुर्चीवर बसव." मी बाहेरून परीक्षा द्यायचा सतरा नंबरचा फॉर्म आणला. विषय निवडताना भाऊजी म्हणाले, "अर्थशास्त्र टाक. घरचाच मास्तर आहे, फीस नाई लागत." तिथेच माझं नशीब फुटलं.

मराठी, इतिहास, बाकीचे सगळे विषय ते पहिल्याच खेपेला निघाले. अडकले ते अर्थशास्त्रात, फुकटच्या मास्तराच्या विषयात. दर रविवारी मी मोटरसायकल काढून त्यांच्या वस्तीवर जायचो. पडवीत बाईने त्यांच्या अभ्यासासाठी मुद्दाम घेतलेली खुर्ची, समोर स्टूल, स्टुलावर पुस्तक. मागणीचा वक्र त्यांना शेवटपर्यंत सरळ काढता आला नाही. तो खाली उतरायला हवा, त्यांचा दर वेळी वरच चढायचा. विचारलं तर म्हणायचे, "लोकं मागतेत तं भाव वाढतेच ना." डोकं धरून बसावं असं व्हायचं. पण तेही चाललं असतं. त्यांची खरी खोड दुसरीच होती. पुस्तकातलं एखादं वाक्य पटलं नाही की ते पेनाला टोपण लावायचे आणि पेन कानावर ठेवायचे. ते टोपण टक् करून लागलं की मी समजायचो, आजचा रविवार गेला.

राष्ट्रीय उत्पन्नाच्या धड्यात टोपण लागलं ते घसाऱ्यापाशी. गोष्ट अगदी साधी आहे. देशात वर्षभरात जे जे तयार झालं त्याची बेरीज म्हणजे स्थूल उत्पादन. ते तयार करताना यंत्रं झिजतात. ती झीज, म्हणजे घसारा, वजा केली की उरतं ते निव्वळ उत्पादन. भाऊजींना हे लगेच समजलं, कारण त्यांचा पहिला डंपर झिजून भंगारात निघालेला त्यांनी पाहिला होता. "बरोबर आहे," म्हणाले. "मशीन झिजली तं वजा केली पाहिजे." मी खूश. तेवढ्यात टक्.

"मंग गाव कुठी वजा केलं?"

"भाऊजी, गाव काय मशीन आहे का?"

"कोळसा निंगाला तो देशाच्या बेरजेत गेला ना? तो काढताना डंपर झिजला, तो वजा झाला. अन् गाव गेलं, विहीर गेली, ते? एकदा काढलेला कोळसा पुन्हा उगवते का? ते कोनत्या रकान्यात आहे?"

मी सांगितलं की मोबदला मिळाला, नोकरी मिळाली, ते काय कमी आहे? "मी नाई म्हनलं का?" ते म्हणाले. "मोबदला मले भेटला. मी देशाच्या हिशोबाचं इच्यारून राह्यलो." मग मी त्यांना, आज आठवलं तरी चिडचिड होते, असं सांगितलं की जगात यावर विचार चाललेला आहे, जंगल, पाणी, खनिजं यांची झीजसुद्धा वजा करावी असं म्हणणारे मोठे मोठे लोक आहेत, पण ते वरच्या वर्गांत शिकवतात. भाऊजी म्हणाले, "म्हंजे ज्याचं गाव गेलं त्याले बारावीपर्यंत नाई सांगत. अन् वरच्या वर्गात कोन जाते? ज्याचं नाई गेलं तो."

मी पुढचा धडा काढला.

परीक्षेत एक प्रश्न असतो. एक विधान देतात आणि खाली विचारतात : आपण या विधानाशी सहमत आहात की नाही? सकारण स्पष्ट करा. माझी पोरं या प्रश्नाला खेळ समजतात. विधान पुस्तकातलं असेल तर सहमत, उलटवलेलं असेल तर असहमत, खाली चार मुद्दे, चार मार्क. इतक्या वर्षांत एकाही पोराला असं वाटलं नाही की आपल्याला खरंच काहीतरी विचारलंय. भाऊजींना वाटलं. पहिल्याच पेपरात विधान आलं : स्थूल राष्ट्रीय उत्पादनातून घसारा वजा केला असता निव्वळ राष्ट्रीय उत्पादन मिळते. भाऊजींनी लिहिलं, असहमत. आणि मग चार मार्कांच्या प्रश्नाला चार पानं. विहीर, गोठा, मारुतीचं देऊळ, पाण्याची पातळी, सगळं. शेवटी, गाव वजा न करता त्याला निव्वळ म्हणणं योग्य नाही, ही विनंती. विनंती, बरं का, परीक्षेच्या पेपरात. तेवढ्यात घंटा झाली आणि पुढचे दोन प्रश्न कोरे राहिले. थोड्याशा मार्कांनी नापास.

पुढच्या खेपेला तेच, त्याच्या पुढच्या खेपेला पुन्हा. विधान कधी 'टिपा लिहा'मध्ये यायचं, कधी 'फरक स्पष्ट करा'मध्ये, पण घसारा दिसला की भाऊजी बाकीचा पेपर विसरायचे. मी ओरडायचो. पडवीतून आवाज रस्त्यावर जायचा आणि वस्तीतले लोक हसत उभे राहायचे. "भाऊजी, तपासणाऱ्याजवळ नमुना उत्तर असते. त्यात तुमची विहीर नसते. तो तरी काय करन?" ते शांतपणे म्हणायचे, "मंग त्यानं इच्याराचं नाई ना, सहमत आहे का म्हणून. सांगून द्याचं, सहमत व्हा. मी झालो असतो."

एका रविवारी त्यांनी मला गाडीवर मागे बसवलं आणि खाणीच्या कडेच्या मातीच्या ढिगाऱ्यावर नेलं. खाली प्रचंड खड्डा, तळाशी डंपर मुंग्यांएवढे. "ते पाह्य आमचं खळं," म्हणाले, आणि बोट दाखवलं. बोटाच्या टोकाला काहीच नव्हतं. नुसती हवा होती. जमीनच खोदून गेली होती, त्यामुळे जिथे खळं होतं, विहिरीचं तोंड होतं, बाई नवी नवरी म्हणून उतरली तो उंबरा होता, ती सगळी जागा आता खड्ड्याच्या वर, मोकळ्या हवेत कुठेतरी होती. भाऊजी नेमकं बोट ठेवत होते. थोडं डावीकडे मारुती, त्याच्या खाली बोरीचं झाड. "मी याच्याखालून रोज गाडी नेतो," ते म्हणाले. "मले वाईट नाई वाटत मास्तर. फकस्त कोनीतरी लिवलं पाहिजे का एवढं कमी झालं. बास." मी म्हणालो, उशीर होतोय, पेपर आठ दिवसांवर आलाय. खरं सांगायचं तर मला त्यांचा वैताग आला होता. समोर खुर्ची दिसत असताना एक माणूस एका ओळीसाठी पाठ मोडून घेतोय, याचा कोणालाही वैताग येईल.

या वर्षी बाबूच्या जागेसाठी वयाची शेवटची संधी होती. पुरवणी परीक्षेच्या आदल्या रविवारी बाईने स्वयंपाक केला नाही. ती पडवीत येऊन बसली. "देशाचं देशाले मोजू द्या," ती म्हणाली. "तुमी माह्या घराचं पाहा. राती तुमी भिताडाले टेकून झोपता, मले झोप येत नाई. त्या पुस्तकात जे आहे तेच लिवून या. माही आन आहे." भाऊजींनी माझ्याकडे पाहिलं. मी बाईच्या बाजूने होतो. आजही त्या जागी बसलो तर तिच्याच बाजूने असेन, हे मला मुद्दाम नोंदवायचं आहे. त्या दिवशी भाऊजींनी घसाऱ्याची व्याख्या आणि चार मुद्दे माझ्यासमोर तीनदा म्हणून दाखवले. पेन शेवटपर्यंत हातातच होतं.

पेपर झाला तसा त्यांचा फोन आला. "मास्तर, आला होता."

"काय लिवलं?"

"सहमत."

"अन् मुद्दे?"

"चारही लिवले. पुस्तकातलेच." मी म्हणालो, "लय चांगलं झालं भाऊजी." ते म्हणाले, "हो... येळ उरला पेपरात. बसून राह्यलो." एरवी फोन कानाला लावला की तो गरम झाल्याशिवाय न ठेवणारा माणूस, त्याने फोन ठेवून दिला. नंतरच्या रविवारी गेलो तेव्हा पुस्तक कुठेतरी आत ठेवून दिलेलं होतं. आम्ही चहा प्यालो, पावसापाण्याचं बोललो. वाद झाला नाही. मला वाटलं, चला, सुटलो. त्यानंतरच्या आठवड्यात पहिल्या पाळीला निघताना बूट घालायला खाली वाकले आणि तिथेच गेले. डॉक्टर म्हणाले, हृदय. पाठीकडे बघता बघता आमचं कोणाचं तिकडे लक्षच गेलं नव्हतं.

तर ते पस्तीस मार्क असे आले. काठावरचे. त्यातले चार त्या उत्तराचे असणार, ते नसते तर गाडी पुन्हा अडली असती, हे मी शिक्षक म्हणून सांगू शकतो. जे उत्तर लिहा म्हणून मी इतके रविवार घसा फोडला, ते त्यांनी लिहिलं, आणि आता मला त्याचाच राग येतो. खुर्ची मिळाली असती तर म्हणालो असतो, जाऊ द्या, सौदा बरा झाला. खुर्चीही गेली आणि ती चार पानंही गेली. निकालाचा कागद मी बाईला नेऊन दिला. तिने तो पाहिला, घडी घातली आणि विचारलं, "त्यायनं खरंच सहमत लिवलं होतं?" मी हो म्हणालो. ती म्हणाली, "माह्यासाठी लिवलं." एवढंच बोलून ती चहा ठेवायला आत गेली. पडवीत ती खुर्ची अजून तशीच आहे. त्या दिवशी मी खाटेवर बसलो.

गेल्या आठवड्यात बारावीला राष्ट्रीय उत्पन्नाचा धडा आला. माझ्या वर्गातली निम्मी पोरं अशाच उठलेल्या गावांची आहेत, नव्या वस्त्यांमधून एसटीने येतात. फळ्यावर घसाऱ्याची व्याख्या लिहिली, खाली चार मुद्दे लिहिले. सगळ्यांनी मान खाली घालून उतरवून घेतले. मी वाट पाहिली. कोणीच काही विचारेना. शेवटी मीच खडू ठेवला आणि म्हणालो, "आता मला सांगा, कोळसा काढताना डंपर झिजला, तो वजा केला. गाव कुठे वजा केलं?"

दुसऱ्या बाकावरच्या एका मुलीने हात वर केला. तिचं गाव मला माहीत होतं, तेही गेलेलं.

"सर, हे पेपरात येते का?"

"नाही," मी म्हणालो. "पेपरात नाही येत."

वर्गभर टक् टक् करत पेनांना टोपणं लागली.