ताईची पट्टी

मास्तरांच्या मनगटाला प्लास्टर बसलं ते एका काठीपायी, आणि ती काठी पळवणारा माणूस "पण माझं चुकलं काय?" असं जो भेटेल त्याला विचारत फिरत होता.

काठी तरी कसली, जुन्या झाडूचा हातभर तुकडा. पियानोच्या झाकणाची बिजागरी सैल झाल्यापासून, म्हणजे गेली सहा वर्षं, पियानो वाजवणारे मास्तर ते झाकण त्या काठीवर टेकवून ठेवत. त्या तळघरातल्या कॅबरेत हे प्रत्येकाला माहीत होतं. पण निवेदन करणारा, नकला करणारा आणि गाणी लिहिणारा जो एकच प्राणी तिथे होता, ज्याला सगळे बोलघेवडा म्हणत, त्याला मंगळवारच्या तालमीत म्हाताऱ्याच्या नकलेसाठी काठी हवी झाली. दिसली, उचलली. झाकण धाडकन खाली आलं आणि मास्तरांचा उजवा हात सापडला.

"काही म्हणा मास्तर, काठीमुळे नक्कल मात्र झकास जमली," असं तो दवाखान्यात म्हणाला. मास्तरांचा डावा हात शाबूत होता, तरी त्यांनी तो उचलला नाही. केवढा हा मोठेपणा! त्याची कुणी दखल घेतली नाही हा भाग वेगळा.

आता कॅबरे म्हटलं की मास्तरांच्या सासूबाई अजूनही विषय बदलतात, पण लाजण्यासारखं तिथे काही नव्हतं. चपलांच्या दुकानाखालचं तळघर, चौदा टेबलं, वीतभर उंच स्टेज, एक पियानो, बोलघेवड्याची बडबड आणि ताईची गाणी. दर शनिवारी संध्याकाळी साडेसहाला. ताई ही मास्तरांची सख्खी थोरली बहीण, वय चौसष्ट. सव्वीस वर्षं कार्यक्रमाचा शेवट तिच्या एकाच गाण्याने होत आला होता. घर सोडून निघालेल्या नवऱ्याच्या शर्टाला शेवटचं बटण लावून देणाऱ्या बाईचं गाणं. चाल मास्तरांची, आणि शब्द, काय करणार, त्या बोलघेवड्याचेच. शेवटच्या कडव्यात आवाज असा वर चढायचा की लोक हातातले चमचे खाली ठेवायचे.

या गाण्यावरून ताईचं एक पालुपद होतं. "आवाज उतरला की बाईने गुपचूप घरी बसावं. मी अजून काळी पाचला गाते!" हे ती पाहुण्यांना सांगे, तिचे झगे शिवणाऱ्या शिंपीणबाईंना सांगे, नळ दुरुस्त करायला आलेल्या माणसालाही सांगे. काळी पाच ही चांगली उंच पट्टी. तरण्याताठ्या बायकांनाही तिथे घाम फुटतो.

आणि ताई काळी पाचला गात नव्हती. झाली त्याला अकरा वर्षं. एका शनिवारी शेवटच्या कडव्यात तिचा आवाज चिरकला. आत जाऊन ती आरशासमोर ढसाढसा रडली आणि म्हणाली, "पुन्हा असं झालं तर मी गाणं सोडीन." बोलली म्हणजे करणार, तसला तिचा स्वभाव. पुढच्या शनिवारी मास्तरांनी काही न बोलता अर्धा सूर खाली वाजवलं. ती पियानोकडे पाठ करून गायची, तिला पत्ता लागला नाही. मग तीन वर्षांनी आणखी अर्धा, मग आणखी. करता करता ते काळी तीनवर येऊन ठेपले. दोन वर्षांपूर्वी पुन्हा उतरवायला हवं असं त्यांना वाटलं होतं, पण हात धजेना. आणखी उतरवायचं म्हणजे ताई म्हातारी झाली हे स्वतःशी कबूल करायचं, आणि ते त्यांना अजिबात करायचं नव्हतं.

हे सगळं मास्तरांच्या डोक्यात. गाण्यांच्या वहीत ताईच्या ठसठशीत अक्षरात "काळी ५" लिहिलेलं, खाली दोन रेघा. आणि शनिवारी बदली म्हणून कोण येणार, तर शाळेत गाणं शिकवणाऱ्या एक बाई. हुशार, वक्तशीर, आणि लिहिलंय त्याच्या तसूभर इकडेतिकडे न जाणाऱ्या. त्या वहीप्रमाणे वाजवणार, ताईचा आवाज फुटणार आणि ताई गाणं सोडणार! मास्तरांच्या तोंडचं पाणी पळालं.

शुक्रवारच्या तालमीआधी त्यांनी डाव्या हाताने कशीबशी चिठ्ठी खरडली: "शेवटचं गाणं काळी तीनला वाजवा. कुणाला बोलू नका." चिठ्ठी वहीत सरकवली आणि जरा निर्धास्त झाले.

बाईंनी वही उघडली, चष्मा लावला आणि वर्गात हजेरी घ्यावी तशा खणखणीत आवाजात विचारलं, "मास्तर, ही चिठ्ठी तुमचीच ना? वहीत काळी पाच आहे, चिठ्ठीत काळी तीन. नक्की काय वाजवू?"

शिंपीणबाईंच्या तोंडात टाचण्या होत्या, त्या तशाच राहिल्या.

"कुणाची काळी तीन?" ताईने विचारलं.

"असेल कुठलीतरी. पियानोत काळ्या काय कमी आहेत?" बोलघेवडा म्हणाला. देवा, या माणसाला गप्प बसण्याचं औषध कुठे मिळेल का?

"तू थांब. मास्तर, किती वर्षं?" ती त्यांना मास्तर कधीच म्हणत नसे.

"अकरा," मास्तर म्हणाले.

"अकरा वर्षं मी जगाला सांगत फिरतेय, आणि तू मागे बसून ऐकतोयस? लाज नाही वाटली?"

"मग सांगणार कसं? साधं मीठ जास्त झालंय म्हटलं तरी तू दोन दिवस बोलत नाहीस!"

"उद्या मी काळी पाचलाच गाणार," ताई पर्स उचलत म्हणाली. "नाही जमलं तर ते शेवटचं. आणि मला फोन करू नकोस." मास्तरांनी सात वेळा केला. तिने एकदाही उचलला नाही.

शनिवारी ते प्लास्टरचा हात गळ्यात अडकवून पडद्याआड उभे राहिले. शेजारी शिंपीणबाई होत्या. "तो निळा झगा मी नऊ वेळा उसवून सैल केलाय," त्या हळूच म्हणाल्या. "पण मी चिठ्ठ्या लिहीत नाही."

शेवटचं गाणं आलं. बाईंचे हात काळी पाचवर तयार. ताईने मागे न बघता तळहात दाखवून त्यांना थांबवलं, आणि पियानोशिवायच पहिली ओळ उचलली. मास्तरांची डावी बोटं आपोआप मांडीवर सूर शोधू लागली. काळी पाच नाही. काळी तीनही नाही. आणखी अर्धा सूर खाली, पांढरी चार! बाईंनी दुसऱ्या ओळीला तो सूर बरोबर पकडला. शेवटच्या कडव्यात आवाज वर गेला तो भरदारच, कुठे फाटला नाही, कुठे घाई नाही. असा आवाज मास्तरांनी कित्येक वर्षांत ऐकला नव्हता. त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं आणि पुसायला नेमका प्लास्टरचा हात पुढे झाला.

टाळ्या चालू असतानाच ताई आत आली ती तणतणतच.

"दोन वर्षं!" ती म्हणाली. "दोन वर्षं या कडव्याला मला धाप लागतेय. पट्टी तीच, गाणं तेच, मग धाप का? मला वाटलं, संपलं आपलं. डॉक्टरकडे खेटे घातले, छातीचे फोटो काढले, त्यात काही दिसेना म्हणून दुसरा डॉक्टर गाठला. तू घाबरशील म्हणून तुला बोलले नाही. आणि एवढं सगळं कशामुळे? तुझ्या अर्ध्या सुरामुळे! उतरवायचंच होतं तर पुरतं उतरवायचंस ना, मेल्या!"

दर शनिवारी मास्तर तिच्यामागे चार हातांवर बसलेले असत.

ताईने बाईंकडून वही मागून घेतली, "काळी ५" वर काट मारली आणि त्याखाली "पांढरी ४" लिहिलं. यावेळी रेघा ओढल्या नाहीत.

"पुढच्या वेळी उतरवशील तेव्हा मला सांग," ती म्हणाली. "मी मरत नाहीये, हे मला कळायला नको?"