हळदीच्या दिवसांतलं केळं

केळीच्या रानात माझं आयुष्य गेलं. कंद मी लावले, पाणी मी दिलं, वाऱ्यानं झाडं लोळवली तेव्हा आभाळाला शिव्याही मीच दिल्या. तरी केळं म्हणजे काय चीज आहे हे मला गेल्या फाल्गुनात कळलं, आणि ते शिकवलं एका बिनदाताच्या बाईनं. ही बाई म्हणजे माझी नात. तेव्हा ती नुकती कुठं उशीला टेकून बसायला लागली होती.

सून पहिल्या बाळंतपणाला माहेरी गेली होती. लेकराचं उष्टावणही तिकडंच झालं. सुनेच्या भावानं चांदीच्या वाटीतली खीर बोटानं चाटवली आणि पोरीनं त्याचं बोटच सोडलं नाही, असं सगळे हसून सांगत होते. त्यानंतर त्या दोघी आमच्या गावी आल्या, आणि आल्या त्या नेमक्या हळदीच्या दिवसांत.

वसमतच्या भागात हळदीचे दिवस म्हणजे काय, ते बाहेरच्याला सांगून समजत नाही. शिजवून वाळवलेली हळद अंगणात पडलेली असते. मग पॉलिशचं मशीन येतं. ट्रॅक्टरला जोडलेला लोखंडी ड्रम गरागरा फिरतो, आत हळकुंडं एकमेकांना घासतात आणि त्यांची साल बारीक पिवळी धूळ होऊन उडते. आमच्या म्हशीच्या पापण्यासुद्धा पिवळ्या होतात. पाहुणा आला की वेशीतच नाक चोळतो. घरच्या माणसाला मात्र दोन-चार दिवसांनी काही म्हणता काही जाणवत नाही.

सून औंढ्याच्या पुढं एका शाळेत मास्तरीण आहे. ही नोकरी तिनं लग्नानंतर मिळवली. परीक्षेच्या वेळी ती एका हातात पुस्तक धरून फोडणी द्यायची. भाजी करपली की मी बोंब मारायचो आणि मग तीच भाजी मुकाट खायचो. तिची निवड झाली त्या दिवशी मी गावभर पेढे वाटले आणि जो भेटेल त्याला थांबवून सांगितलं. आमच्या घरातली ती पहिली नोकरदार बाई. आता बाळंतपणाची रजा संपत आली होती. सोमवारी हजर व्हायचं होतं. सकाळच्या बसनं गेली की यायला दिवे लागणार.

आणि लेकरू तर आईच्या दुधाशिवाय कशालाच तोंड लावेना. बाटली दिली की मान फिरवायची, चमच्यानं दूध दिलं की फुर्रकन उडवायची. दिवसभर ती आमच्या हातचं काही खाईल तरच सुनेला शाळेत जाता येणार होतं. आमचा मुलगा बाजारात हळद घेऊन जायचा-यायचा, त्याला तर या प्रकरणात लक्ष घालायचीसुद्धा सवड नव्हती. सून एका सकाळी माझ्यासमोर येऊन उभी राहिली. आमच्याकडं सासऱ्याला मामा म्हणतात.

"मामा, ही काहीच खात न्हाई. मी नोकरी सोडते."

"खाईल! काहून खानार न्हाई?" मी ताडकन म्हणालो. "केळीवाल्याची नात हाय. तिला मी भरवतो."

बोलून तर गेलो. जन्मात कधी मी लेकराला घास भरवला नव्हता. पण डॉक्टरीणबाईंनी सुनेला सांगितलेलं मी शेजारी बसून ऐकलं होतं. एका वेळी एकच फळ, चांगलं पिकलेलं, मऊ, गुठळी नको. मीठ नको, साखर नको, मध तर नकोच. एवढं तर कुणालाही जमेल असं मला वाटलं.

आम्ही केळी पिकवतो खरं, पण विकतो ती हिरवीच. घरच्यासाठी एक फणी मी माळवदाखाली टांगून ठेवली आणि सालीवर तपकिरी ठिपके येईपर्यंत वाट पाहिली. मिक्सरात फिरवावं म्हटलं तर बायको अंगावर आली.

"त्यात मिरची वाटतोत आमी! लेकराला तकलीफ देता का?"

मग वाटी आणि चमचा घेतला. चमच्याच्या पाठीनं केळं रगडलं. तरी बारीक गुठळ्या राहतातच, म्हणून जुन्या मऊ धोतराचं फडकं घेतलं, त्यातून ते गाळलं. पिळलं की फडक्यातून केळ्याचा गर वर येतो, तो चमच्यानं निरपून घ्यायचा. हे फडकं मी रोज स्वतः पातेल्यात उकळायचो. साबण लेकराच्या पोटात जायला नको म्हणून नुसत्या पाण्यात. मग पिळून अंगणातल्या तारेवर, कडक उन्हात वाळत घालायचो. एवढं सोवळं माझ्या आईनं देवघरातही पाळलं नसेल.

आणि आमच्या घरात आणखी एक रीत होती. लेकराचा घास तयार झाला की तो आधी कुणी चाखायचा नाही.

"देवाचा निवद अन् लेकराचा घास," बायको म्हणायची, "आधी त्यानं खायचं, मंग आपण." तिच्या सासूनं म्हणजे माझ्या आईनं तिला हे सांगितलेलं होतं, तेव्हा माझ्या तोंडाला कुलूपच.

पहिला घास मी नातीच्या ओठाला लावला. तिनं जीभ बाहेर काढली, आत घेतली, आणि थांबली. मग तिच्या भुवया वर गेल्या, नाक मुरडलं, सगळं अंग शहारलं, आणि घास हनुवटीवर परत आला. तिनं माझ्याकडं असं पाहिलं, जणू मी तिच्याशी काहीतरी खोटं बोललोय.

"दुसऱ्यांदा घेईल," मी म्हणालो.

दुसऱ्यांदाही घेतला नाही. संध्याकाळी पुन्हा केलं, तेव्हा तर तिनं ओठ असे मिटले की चमच्याला फट मिळेना. मी चिडलो. बायको हसायला लागली.

"पी हळद अन् हो गोरी, असं व्हत असतंय का? दमानं घ्या की."

मग पपई केली, त्याच फडक्यातून गाळून. आमच्याच बांधावरची, केशरी, वासानंच तोंडाला पाणी सुटेल अशी. पोरीच्या डोळ्यांत पाणी आलं, पण तोंड उघडलं नाही. सफरचंद वाफवून केलं. तेही हनुवटीवरून झबल्यावर. बायकोनं मीठ-मोहऱ्यांनी दृष्ट काढली. शेजारणीनं सांगितलं, घसा बारीक असंल. शाळेत न्यायची पर्स सुनेनं खुंटीवर अडकवली होती, ती तिनं एके दिवशी काढून पेटीत ठेवली. ते मी पाहिलं आणि मला रात्रीची भाकरी गेली नाही.

रविवार उजाडला. अंगणात मशीन सुरूच होतं. मी पुन्हा केळं रगडलं, गाळलं, तिला मांडीवर घेतलं. तिनं वाटी पाहिली आणि नुसती वाटी पाहूनच रडायला लागली. आतल्या दारात सून उभी होती, ती मागं फिरली. माझं डोकंच फिरलं. वाटी तोंडाला लावली आणि सगळा गर मीच चाटून खाल्ला.

"अवो! लेकराच्या आधी?" बायको ओरडली.

"तिला नको तर काय म्हशीला घालू?"

चव बराबर होती. केळंच होतं ते. मग हिला खटकतंय तरी काय? रडणारं लेकरू खांद्यावर टाकून मी घराबाहेर पडलो आणि कालव्याकडच्या केळीच्या रानात गेलो. तिथवर मशीनचा आवाजही नीट येत नाही.

रानात गार होतं. पानांतून ऊन तिच्या अंगावर पडत होतं, ती रडायची थांबली आणि वर बघायला लागली. एका झाडावर एक घड चुकून राहिला होता, झाडावरच पिकलेला, पाखरांनी थोडा टोचलेला. मला भूक लागली होती. त्यातलं एक चांगलं केळं तोडलं, बांधावर बसलो, तिला मांडीवर घेतलं आणि केळं सोललं. माझ्या तोंडाशी नेणार, तोच तिनं झेप घेतली.

दोन्ही मुठींनी तिनं माझं मनगट धरलं आणि आपल्या हिरड्या त्या केळ्यावर टेकवल्या. शेंड्याचा मऊ गर तिच्या तोंडात गेला. आता परत येणार म्हणून मी हनुवटीखाली हात धरला. काही आलं नाही. ती एकदम स्तब्ध झाली. डोळे मोठे, कुठंच न बघणारे. तोंडात काहीतरी चाललं होतं आणि ती ते आतून ऐकत होती. मग गिळल्याचा एवढासा आवाज आला. तिनं माझ्या तोंडाकडं पाहिलं, केळ्याकडं पाहिलं आणि हसली.

मी साठी ओलांडलेला माणूस, पण असं काही मी पाहिलं नव्हतं. या पृथ्वीवर केळं आहे, हे एका जिवाला आत्ता, माझ्या मांडीवर कळलं होतं. इतकी वर्षं मी ज्याच्याकडं पीक म्हणून पाहत होतो, ते असं होतं तर! मी तिला लोण्यासारखा गर थोडा थोडा चाटू दिला आणि बांधावर बसून रडलो. मला लाज वाटली नाही.

ती दमली तेव्हा उरलेलं केळं मी तोंडात टाकलं. आणि थांबलो. सकाळी खाल्लेलं केळं हे नव्हतं. हे गोड होतं, सरळ गोड. सकाळच्याच्या शेवटी जिभेवर काहीतरी कडसर, मातकट राहिलं होतं, आणि ते आमच्या चहात, भाकरीत, पाण्यात रोजच असतं, म्हणून मला ते केळ्याचंच वाटलं होतं. माझ्या हाताकडं पाहिलं. नखांच्या कडा पिवळ्या होत्या. या केळ्याच्या गराला माझा हात लागलाच नव्हता. पण हात तर मी घरीही साबणानं धुवायचो. मग मला फडकं वाळत घालायची तार आठवली. तारेच्या समोरच पॉलिशचं मशीन.

घरी आलो तो सरळ तारेपाशी. फडकं काढलं. पांढरं दिसत होतं, जरासं मळकट. मोरीत नेऊन ओलं केलं आणि त्याच्यावर साबणाची वडी फिरवली. हळदीला साबण लागला की काय होतं हे आमच्याकडच्या पोरासोरांना माहीत आहे. फडक्यावर लाल लाल ठिपके उमटले, मग ठिपक्यांचे डाग झाले, मग सगळं फडकंच लालसर झालं. बायको मागं उभी होती. तिनं पदर तोंडाला लावला.

"अगं माय! हळद चारत व्हतो का आपण लेकराला?"

केळं पिवळं, पपई पिवळी, वाफवलेलं सफरचंद पिवळं, त्यात हळद दिसणार कशी? आणि चाखून बघावं तर आमची रीत आडवी. रीत नसती तरी काही उपयोग नव्हता म्हणा. मी वाटीभर खाऊनही मला कळलं नव्हतं. हळदीचा भाव डोळे झाकून सांगणारी आम्ही माणसं, आणि आमच्या जिभेला हळद कळेना. काखेत कळसा अन् गावाला वळसा. घरात हळद ओळखणारं एकच माणूस होतं, ते ओरडून ओरडून सांगत होतं आणि आम्ही त्याची दृष्ट काढत होतो.

सूनही धावत आली. तिला मी ते लाल फडकं दाखवलं आणि तिच्या हातात केळं दिलं. आतल्या खोलीचं दार लावून घेतलं, पेटीतली न वापरलेली नवी वाटी काढून धुतली, गाळायच्या भानगडीत पडलो नाही. चमच्याच्या पाठीनं सुनेनंच ते पाण्यासारखं पातळ रगडलं. लेकरानं वाटी पाहून ओठ मिटले. साहजिक होतं. सुनेनं चमचा तिच्या ओठाला नुसता टेकवला आणि वाट पाहिली. पोरीनं जिभेचं टोक काढलं. परत आत घेतलं. मग तिनं आ केला, एवढा मोठा की आतला गुलाबी टाळू दिसला.

रात्री खुंटीवर पर्स परत आलेली दिसली.

सोमवारी सून पहाटेच उठली, लेकराला पाजलं, चार वेळा दारातून मागं आली. "मामा, न्हाई खाल्लं तर लगेच फोन करा. मी सुट्टी टाकून येते. मंग पुन्हा जानार न्हाई." तिला बसमध्ये बसवून आलो. अंगणातलं मशीन मी त्या दिवसापुरतं बंद ठेवायला लावलं. मशीनवाला पुटपुटला, मी त्याला दोन शब्द ऐकवले.

दुपारी पपई केली. आता ती आमच्या पपईवर भरवसा ठेवेल का, सांगता येत नव्हतं. आई घरात नाही हे तिला कळलं होतं, दाराकडं बघून ती सारखी ओठ काढत होती. मी चमचा ओठाला टेकवला आणि सुनेसारखाच थांबलो. बराच वेळ गेला. मग तिनं घेतला. थांबली, तशीच ऐकत राहिली, गिळला. दुसरा घेतला. वाटी निम्मी झाली तेव्हा तिनं आपला हातच वाटीत घातला, मूठभर पपई उचलली, माझ्याकडं नीट निरखून पाहिलं आणि ती मूठ माझ्या तोंडात कोंबली.

तेवढ्यात फोन वाजला. शाळेची मधली सुट्टी झाली होती. बायकोनं फोन माझ्या कानाला लावला.

"मामा, खाल्लं का तिनं?"

मला बोलता येईना. तोंडात पपई होती आणि तिची मूठही अजून तिथंच होती.

"मामा? काहून बोलंनात? न्हाई खाल्लं का?"

बायकोनं फोन आपल्याकडं ओढला. "अगं, कसं बोलतील? तुझी लेक त्यांना भरवून राहिली."

पलीकडं शाळेची घंटा ऐकू आली, पोरांचा गलका ऐकू आला, आणि सुनेनं नाक ओढल्याचा आवाज.

"बरं," ती म्हणाली, "मंग मी वर्गावर जाते."