माणिकप्पानं आणलेला पियानो

शाळेतून आल्या आल्या कावेरीबाईनं पिशवी खुंटीला अडकवली आणि उभ्या उभ्याच सांगून टाकलं, "तुमचा पियानो उद्या भंगारात देऊलालेत. उधळी लागली त्याला."

माणिकप्पा भाकरी खात होता. हातातला घास त्यानं परत ताटात ठेवला. "कोण देऊलालंय?"

"सेक्रेटरी साहेब. वाळवी आता पुस्तकाच्या कपाटाला चढंल म्हणाले."

"आन् ती लागंपर्यंत झोपले होते का सगळे?"

"मला कामून इचारता? मी शाळेची झाडूवाली मावशी हाय, हेडमास्तर न्हाई. जेवा आधी."

तो जेवला नाही. चिडला की त्याचं पोट बंद व्हायचं, आणि चिडायला त्याला फार काही लागत नसे.

देगलूरकडचा माणूस. सगळी उमर नांदेडच्या मोंढ्यात, धान्याच्या बाजारात, पोत्यांखाली गेली. आधी हमाल, मग टोळीचा मुकादम. माणूस कसा आहे हे तो त्याच्या बोलण्यावरून नाही, ओझं खाली कसं ठेवतो त्यावरून ठरवायचा. पोतं आपटणाऱ्याला त्याच्या टोळीत दुसऱ्या दिवशी काम नसे. लग्नात वाढप्यानं भाताचं घमेलं धाडकन ठेवलं तरी हा पंगतीतून ओरडायचा, "घरी आईच्या पाटावर असंच आपटतो का रं?" काम सुटल्यावर ही खोड वाढलीच. शेजारच्या बांधकामावरचे गवंडी त्याला लांबून पाहिलं की विटा हळू ठेवू लागत.

पण पियानोची गोष्ट वेगळी होती.

लातूरच्या एका वकिलांच्या पत्नीनं तो नवरा गेल्यावर नांदेडच्या या शाळेला दिला होता. लातूरच्या हमालांनी एक कोपरा उचलून पाहिला आणि बिड्या पेटवल्या. मग माणिकप्पा आपली टोळी घेऊन गेला. त्यानं तोवर पियानो पाहिलेला नव्हता. बाहेरून शिसवीचं कपाट वाटावं आणि आत सगळं लोखंड. पोत्याचं वजन पोत्यासारखं वागतं. याचं वजन दिसायचं एकीकडे आणि असायचं दुसरीकडे. टेम्पोत चढवला, नांदेडला उतरवला, शाळेच्या पायऱ्या चढून शेवटच्या पायरीवर आला आणि दोर सरकला. मागच्या कोपऱ्याला ग्यानोबा होता. उजव्या पायावर सगळं ओझं आलं. पाय चिघळला आणि दवाखान्यात पुढची बोटं काढावी लागली. ग्यानोबानं परत पोतं उचललं नाही. मोंढ्याच्या फाटकाशी चहाचा गाडा टाकला, तो अजून चालतो.

माणिकप्पा ही हकिकत भेटेल त्याला सांगे. "ग्यानोबा सरकला असता तर पाय वाचला असता, पियानो गेला असता. गडी सरकला न्हाई. शाळेत पोरं गाणं शिकतात ना, ती त्याच्या पायावर उभी हायत." त्याच्या मनाशी हिशेब पक्का होता. पियानो जागेवर आहे तोवर ग्यानोबाचा पाय वाया गेला नाही. आणि आता कुणीतरी वाळवीचं नाव सांगून तो पाय भंगारात घालायला निघालं होतं.

सकाळी तो शाळेत गेला तेव्हा संगीताच्या खोलीत सेक्रेटरी साहेबराव फोनवर बोलत होते आणि गाण्याच्या तनुजा मॅडम पेटीवरची धूळ पुसत होत्या. पियानो भिंतीपासून वीतभर सोडून उभा होता. समोरून चकचकीत होता. माणिकप्पानं बाजूच्या फळीवर तळहात मारला. पापडावर मारावा तसा आवाज आला आणि बोट आत गेलं. मागच्या बाजूनं मातीच्या नळ्या वर चढलेल्या, म्हाताऱ्याच्या पिंढरीवरच्या शिरांसारख्या.

"ह्याला सांभाळणं म्हणतात का?" तो ओरडला. "आणून ठेवला की संपलं? आणणाऱ्याचं काय गेलं ते ठाव हाय का कुणाला?"

"ओरडा, काका," तनुजा म्हणाली. तिचाही आवाज चढला होता. "पण माझ्यावर नको. मी नोकरीला लागल्यापासून सांगतेय, हा भिंतीपासून सरकवा, मागं बघू. सगळे म्हणतात लई जड आहे. कुणी हात लावला का?"

"मला बोलवायचं होतं!"

"तुम्ही आहात हे मला कुणी सांगितलं होतं?"

साहेबरावांनी फोन खिशात टाकला. "मुकादम, बाकड्याला वाळवी लागली तर कुणी एवढं बोंबलतं का?"

"हे बाकडं न्हाई साहेब."

"मग काय देव आहे?"

"देव तर तुमीच केलाय. दर नवरात्राला ह्याच्यावर देवीचा फोटो मांडता, हार घालता, उदबत्त्या लावता. आत उघडून बघितलं का एकानं तरी?" माणिकप्पानं बाह्या वर केल्या. "मी न्हाई देत भंगारात. सुतार आणतो, उनात काढतो, औषध मारतो."

"आजचा दिवस बघा. संध्याकाळी टेम्पो येणार आहे."

तनुजानं पेचकस आणून खालची फळी काढली. माणिकप्पानं पियानो एकट्यानं हातभर पुढं ओढला. मानेच्या शिरा फुगल्या, पण ओढला. आत मातीच माती होती. तारांवर आपटणाऱ्या लाकडी हातोड्यांची वाळवीनं जाळी केली होती. तनुजानं एकामागून एक पट्ट्या दाबून पाहिल्या. बऱ्याच दाबल्या की खालीच राहत. मधल्या काही वाजल्या.

"वाजतंय की!" माणिकप्पा म्हणाला.

"तारा लोखंडाच्या आहेत म्हणून वाजतंय. त्यांना धरून ठेवणारं लाकूड संपलंय, अप्पा." आता ती काका म्हणत नव्हती. "मला काय आनंद होतोय का? पण हा परत उभा राहणार नाही."

मग ती मागं वाकली. भिंत आणि पियानो यांच्या मधे काळ्या मातीचा ढीग साचला होता, गुडघ्याला लागेल एवढा. तिनं ओंजळभर उचलली. मातीत गव्हाची वाळलेली पिवळी रोपं होती.

"ही घटाची माती आहे," ती म्हणाली.

खरंच होती. नवरात्रात याच खोलीत पियानोच्या पायाशी घट बसे. नऊ दिवस पाणी घालायचं. दसऱ्याला पोरं हिरवे तुरे टोपीत खोवून घरी जायची आणि माती राही. ती केरात टाकायची नाही, तिच्यावर पाय पडू द्यायचा नाही. म्हणून ती पियानोच्या मागं सरकवायची, कुणीतरी नदीला नेईल म्हणून. कुणी नेली नव्हती. पुढच्या वर्षी पुन्हा घट, पुन्हा पाणी, पुन्हा माती.

"पण ही आणता कुठून?" तनुजानं विचारलं. "एवढी मऊ?"

दारात कावेरीबाई झाडू घेऊन उभी होती. "वारुळाची हाय, म्याडम. घटाला वारुळाचीच लागती."

"मावशी, वारूळ म्हणजे वाळवीचंच घर ना?"

"तसं कोण म्हणतं? पवित्र असती ती."

"कोण आणतं?"

कावेरीबाईनं नवऱ्याकडं पाहिलं. मग झाडू भिंतीला टेकवला आणि सांगितलं, "हेच की. दरसाल सायकलीवर, गोदावरीच्या पल्याडून. मुरमाड नको, भुसभुशीत नको, मधल्या वारुळाचीच पायजे. शाळेच्या घटाला माझीच माती म्हणतात."

साहेबराव हसले. तोंडावर हात ठेवून हसले, पण हसले.

"तू आधी कामून बोलली न्हाईस?" माणिकप्पा बायकोवर खेकसला.

"कुणाला बोलू? तुमच्या मातीला नाव ठेवलं तर तुमी मला घरात ठेवलं असतं का?"

माणिकप्पाचा राग तेवढाच होता. आता त्या रागाला उभं राहायला जागा नव्हती. तो तडक बाहेर पडला आणि मोंढ्याच्या फाटकाशी ग्यानोबाच्या गाड्यावर जाऊन उभा राहिला. आपल्यासारखंच चिडणारं आणखी कुणीतरी हवं होतं. आणि ते ग्यानोबाशिवाय कोण असणार?

ग्यानोबानं सगळं ऐकून घेतलं. मग चहाचं भांडं खाली ठेवून पोट धरून हसला.

"हसतोस काय रं?"

"मग रडू? वाळवीला तूच डबलसीट आणलीस, अप्पा. वरनं निवडून आणलीस. हळू चालीवली का सायकल? दचके बसले नसतील ना तिला?"

"तुझा पाय गेलाय त्यात!"

ग्यानोबाचं हसणं थांबलं. त्यानं गाळणी आपटली. "माझा गेलाय. तू कामून उरावर घेऊन फिरूलालास? गिऱ्हाईक च्या प्यायला येतं आन् तू त्याला माझा पाय दाखवतोस. पोरीच्या सोयरिकीला पावणे आले, त्यांना पण तेच. मी हा गाडा उभा केला, पोरगी नर्स केली, पत्र्याचं घर स्लॅबचं केलं. त्यातलं एक तरी सांगितलंस कुणाला? तुझ्या लेखी मी त्या पायरीवरच अजून उभा हाय."

"तू सरकला न्हाईस म्हणून सांगतो. दुसरा असता तर—"

"सरकायला जागा कुठं होती, बाबा!" ग्यानोबा एवढ्यानं ओरडला की फाटकावरचा चौकीदार वळला. "माझ्या मागं भिंत होती! सरकता आलं असतं तर मी काय तिथं फोटो काढायला थांबलो असतो? इतक्या वर्षांत एकदा तरी इचारलंस का मला? तूच कथा रचली, तूच कीर्तन केलं."

माणिकप्पानं चहाही घेतला नाही. कान लाल झाले होते. आल्या पावली तो शाळेकडं वळला. मागून ग्यानोबा फडकं टाकून लंगडत निघाला. त्यालाही अजून बोलायचं होतं.

टेम्पो लवकर आला होता. भंगारवाल्याचे दोघे जण पियानोला दोर बांधून फरशीवरून ओढत होते. ओढता ओढता एक बाजू निखळून त्यांच्या हातात आली. मागची फळी भुसा होऊन पडली. उरली ती तारांसकट लोखंडी चौकट, तीही ते ओढूच लागले.

"सोडा!" माणिकप्पा गरजला. "हात न्हाईत का तुमाला? उचलायला सांगितलंय की फरफटायला?"

"भंगारच हाय ना, मामा," एक जण म्हणाला.

"भंगार असलं म्हणून तुझं काम भंगार होतं का? उचल!"

चौकटीला चार कोपरे. ते दोघे पुढं झाले. तिसरा माणिकप्पानं धरला. चौथ्याला ग्यानोबानं हात घातला. कुणी त्याला बोलावलं नव्हतं.

"तू सरक," माणिकप्पा म्हणाला.

"न्हाई सरकत. आता जागा हाय तरी न्हाई सरकत. काय करशील?"

चौघांनी चौकट उचलून दारापर्यंत आणली. बाहेर पायऱ्या होत्या. डाव्या हाताला शाळेच्या कार्यालयाची भिंत पायरीला चिकटून खाली उतरत होती. कोपरा धरणारा माणूस कसाबसा मावेल, सरकायला बोटभरही जागा नव्हती. माणिकप्पा या पायऱ्या किती वेळा चढला-उतरला होता. भिंत त्यानं आज पाहिली.

"ठेवा," तो म्हणाला. चौकट आवाज न करता टेकली. "ग्यानोबा, तू उजवीकडं ये. मोकळ्या बाजूला."

"कामून?"

"ये म्हणलं ना! एकदा तरी सांगितलेलं ऐक, ढोरा!"

ग्यानोबानं त्याच्याकडं पाहिलं, मग भिंतीकडं. लंगडत उजवीकडं गेला. माणिकप्पा भिंतीच्या बाजूला शिरला, पाठ विटांना घासत, आणि मागचा कोपरा दोन्ही हातांनी धरला.

"आता उचला," तो भंगारवाल्यांवर ओरडला. "आन् पुढं बघून चाला, भाड्यांनो. माझ्या मागं जागा न्हाई."