लव्हॉनने ओ दिली नाही

लव्हॉन हॉगडालला नाही म्हणता येत नसे. तसं आमच्या उत्तर मिनेसोटात कुणालाच ते धड जमत नाही. कुणी केकची बशी पुढे केली की दोनदा नको म्हणायचं आणि तिसऱ्यांदा घ्यायचा, ही इथली रीत. पण बाकीचे निदान मनातल्या मनात तरी नाही म्हणत असतील. लव्हॉन मनातही हो म्हणायची. खिडक्या बनवणाऱ्या कारखान्याच्या ऑफिसात दर्शनी टेबलावर तिने सगळी नोकरी काढली, आणि एवढ्या वर्षांत दार ढकलून आत आलेल्या कुठल्याही माणसाला "या, बसा, कॉफी घेणार ना?" यावाचून दुसरं काही ऐकायला मिळालं नाही. तक्रार घेऊन तणतणत आलेलं गिऱ्हाईकसुद्धा जाताना तिने विणलेलं भांडी पुसायचं फडकं घेऊन जायचं.

सुखी बाई होती. तळ्याकाठी घर, मितभाषी नवरा ऑर्व्ह, आणि रविवारी चर्चमध्ये लहान मुलांचा वर्ग. हा वर्ग ती इतकी वर्षं घेत होती की गावातली चाळिशीची माणसंदेखील तिला 'बाई' म्हणत. रस्त्यात कुणी दाढीवाला ट्रक थांबवून "बाई, बरं आहे ना?" असं विचारायचा आणि ती त्याच्या आईच्या गुडघ्यापासून त्याच्या कुत्र्याच्या पिल्लांपर्यंत सगळ्यांची चौकशी करायची. मागे गाड्यांची रांग लागली तरी कुणी भोंगा वाजवत नसे.

अशा बाईला कारखान्याने सुरक्षाप्रमुख केलं. देशात कुठे ना कुठे, कुठल्या तरी ऑफिसात कुणी बंदूक घेऊन घुसल्याची बातमी दर थोड्या दिवसांनी यायचीच. विमा कंपनीने कारखान्याला कळवलं की तुम्हीही तयारी करा, सराव घ्या, एक माणूस नेमा. मॅनेजर कर्ट नीस्ट्रमने ऑफिसातल्या एकेकाला विचारून पाहिलं. सगळे छताकडे बघू लागले. लव्हॉनला त्याने रीतीप्रमाणे तीनदा विचारलं.

सराव घ्यायला शेरीफच्या कचेरीतून ग्रेचन रूड नावाची तरुण पोलीस डेप्युटी आली. तिने सांगितलं ते सोपं होतं. पळता आलं तर पळा. पळता नाही आलं तर दार लावून लपा. तेही नाही जमलं तर हाताला लागेल त्याने हाणा. मग तिने शिट्टी वाजवली आणि सगळे मागच्या दाराकडे निघाले. निघाले आणि तिथेच अडकले. पहिल्याने दार उघडून धरलं आणि मागच्याला म्हणाला, तू हो पुढे. मागचा म्हणाला, छे छे, तू हो. तिसरीने तोवर चौथीचा कोट घेतला हातात. कर्टने दुसऱ्या बाजूने दाराला पाठ लावली आणि सगळ्यांना आग्रह करत राहिला. ग्रेचन बाजूला उभी राहून बघत होती. शेवटी ती म्हणाली, "अभिनंदन. तुम्ही सगळे मेलात. फार सभ्यपणे मेलात."

सगळे हसले. लव्हॉन हसली नाही, तिचं तोंड उतरलं. त्या दिवसापासून तिने ते काम मनावर घेतलं. दर महिन्याला सराव लावला. लोक थट्टा करायचे, तिला 'जनरल' म्हणायचे, पण तिने बनवलेल्या लिंबाच्या वड्या सरावानंतर मिळत म्हणून यायचे सगळे. एक आर्लिस ब्रेके तेवढी जागची हलत नसे. आर्लिस हिशेबाचं टेबल सांभाळायची, लव्हॉनची जिवाभावाची मैत्रीण. तिच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं होतं आणि काठीवाचून चालता येत नव्हतं.

"मी काही पळणार नाही," आर्लिस म्हणायची. "मी इथेच बसून कॉफी संपवीन. त्याला सांगीन, आधी मला हा घोट घेऊ दे."

"असं कसं? मी आहे ना तुझ्याबरोबर."

"तू कशाला? तुझी ढोपरं धड आहेत. पळ तू."

लव्हॉनने ते ऐकलं न ऐकल्यासारखं केलं. कागद ठेवायच्या खोलीला तिने कर्टच्या मागे लागून जाड दार आणि आतून लागणारं कुलूप बसवून घेतलं. एक किल्ली ग्रेचनकडे दिली. आत आर्लिससाठी खुर्ची ठेवली, मऊ उशी ठेवली. सगळे पळणार आणि आम्ही दोघी इथे बसणार, असं तिने ठरवून टाकलं.

एकच गोष्ट तिला जमेना. ग्रेचनने बजावलं होतं की एकदा आत गेलात की कुणी हाक मारली तरी ओ द्यायची नाही. ओळखीचा असला तरी नाही, रडत असला तरी नाही. आम्ही आलो तर आमच्या किल्लीने उघडू. वर ती लव्हॉनकडे बघून म्हणाली, "बाई, मला बाकी कुणाची काळजी नाही. तुमची आहे. तुम्ही दार उघडून त्याला कॉफी विचाराल, आणि तुमच्या पायी आर्लिसही जाईल."

हे तिच्या काळजात रुतलं, कारण ते खरं होतं. तिने घरी सराव सुरू केला. न्हाणीघरात जाऊन कडी लावायची आणि ऑर्व्हने बाहेरून हाक मारायची. ऑर्व्ह बिचारा पायात मोजे घालून उभा राहायचा आणि म्हणायचा, "लव्हॉन, आहेस का आत?" आतून ताबडतोब यायचं, "आले हं, एक मिनिट!" दुसऱ्या वेळी तिने तोंडावर हात धरला. ऑर्व्ह जरा थांबून म्हणाला, "लव्हॉन, मला बरं वाटत नाहीये." ती दार उघडून बाहेर. एकदाही, एकदासुद्धा तिला गप्प बसता आलं नाही. ऑर्व्ह म्हणाला, जाऊ दे, आपल्या गावात कोण येणार आहे. तिने मान हलवली, पण त्या रात्री तिला झोप लागली नाही.

नोव्हेंबर लागला. हरणांच्या शिकारीचा मोसम म्हणजे आमचा मोठा सण. अर्धा कारखाना सुट्टीवर, उरलेला अर्धा शिकाऱ्याचं केशरी जाकीट घालूनच कामाला. ज्याला हरीण मिळालं तो घरी जायच्या आधी ट्रक घेऊन कारखान्याच्या अंगणात येतो. मग सगळे काम टाकून बाहेर जातात, शिंगं मोजतात, बरं आहे हो म्हणतात. खूपच मोठं असलं तर, काही वाईट नाही म्हणतात. त्या दिवसांत केशरी जाकिटातला माणूस दिसला की कुणी दचकत नाही, उलट जो तो कोट शोधायला लागतो.

त्या शुक्रवारी डॅरिन पेल्केचा ट्रक अंगणात आला. डॅरिनला उन्हाळ्यात कामावरून कमी केलं होतं. बायको तिच्या बहिणीकडे डुलुथला निघून गेली होती, हेही गावाला माहीत होतं. पण हे विषय तोंडावर काढायचे नसतात. उलट तो आला म्हणून सगळ्यांना बरंच वाटलं. मिळालं वाटतं हरीण, असं म्हणत चार-पाच जण उठले. कर्ट हातात कॉफीचा मग घेऊन दाराकडे निघालासुद्धा.

लव्हॉन तिच्या टेबलावरून काचेबाहेर बघत होती. डॅरिन ट्रकच्या मागच्या बाजूला गेला नाही. सरळ ऑफिसकडे येत होता आणि रायफल त्याच्या हातात होती. हरीण दाखवायला येणारा माणूस बंदूक ट्रकमध्ये ठेवून येतो. बंदूक घेऊन कुणी दारात येत नाही, कधीच नाही. हे तिला समजलं, आणि त्याच क्षणी हेही वाटलं की आपली चूक असली तर केवढं वाईट दिसेल. बिचारा आधीच दुखावलेला आहे. एवढ्या माणसांसमोर त्याचा अपमान होईल.

मग ती ओरडली.

"बंदूक आहे! मागे पळा! कर्ट, टाक तो मग आणि पळ!"

लव्हॉन हॉगडालला ओरडताना गावात कुणीही ऐकलं नव्हतं. लोक नंतर सांगायचे की बंदुकीपेक्षा आम्ही तिलाच घाबरलो. कुणी विचारलं नाही, कुणी कोट घेतला नाही. सगळे मागच्या दारातून बाहेर पडले आणि लाकडाच्या गंजीआड पळाले. तू आधी म्हणायला कुणी थांबलं नाही. कर्टने तेवढं सवयीने दार धरलं, पण शेवटच्या माणसामागे तोही पळाला.

लव्हॉनने आर्लिसला काखेत धरून उभं केलं. "पळ गं तू," आर्लिस म्हणाली. लव्हॉन म्हणाली, "गप्प बस." हे शब्दही तिने आयुष्यात पहिल्यांदा वापरले असतील. दोघी कागदाच्या खोलीत शिरल्या, कुलूप लागलं, दिवा विझवला, दोघींनी मिळून कपाट दाराला टेकवलं. आर्लिस खुर्चीत बसली आणि लव्हॉन तिच्या पायाशी जमिनीवर.

बाहेर गोळ्या सुटल्या. एकामागून एक काचा फुटत होत्या. नमुन्याला मांडून ठेवलेल्या खिडक्या, ज्या डॅरिननेच कधीकाळी बसवल्या होत्या, त्या तो फोडत होता. मग ते थांबलं. बूट काचांवरून चालत आले. दारावर टकटक झाली. हळूच, शेजाऱ्याने करावी तशी.

"बाई, मी डॅरिन. तुम्ही आत आहात का?"

लव्हॉनचे ओठ उघडले होते. तिने कोटाची बाही दातांत धरली. आर्लिसचा हात तिच्या खांद्यावर आला आणि तिथेच घट्ट बसला.

"बाई, तुमच्यावर माझा राग नाही. तुमच्याशी जरा बोलायचं होतं. बाकी कुणी बोलतच नाही."

तिला तो सात-आठ वर्षांचा दिसत होता, रविवारच्या वर्गात मागे बसून नाक पुसणारा. तिच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहू लागलं. एक शब्द बोलले तर तो शांत होईल, असं तिला वाटत होतं. आणि नाही झाला तर आर्लिस. ती आर्लिसच्या दुखऱ्या गुडघ्याला मिठी मारून बसली, आर्लिसला कळ आली असणार, पण तीही आवाज न करता बसून राहिली.

"बाई?" तो पुन्हा म्हणाला. मग, "बरं तर," म्हणाला, आणि पावलं दूर गेली.

किल्ली फिरली तेव्हा बाहेर ग्रेचन होती. डॅरिन लव्हॉनच्या टेबलासमोरच्या पाहुण्यांच्या खुर्चीत बसलेला सापडला होता. रायफल त्याने जमिनीवर ठेवली होती आणि हात वर करायला सांगितले तेव्हा केले. कुणाला खरचटलंही नव्हतं, कर्टचा तळवा लाकडाच्या ढलपीने सोलला होता तेवढाच.

मग काय, गावाने जे येतं ते केलं. ऑफिसातल्या प्रत्येकाच्या घरी हॉटडिश, म्हणजे मांस-भाजीची भाजलेली थाळी, पोचली, वर बटाट्याचा खरपूस थर दिलेली. फ्रीज भरले तेव्हा लोकांनी बाहेर बर्फात ठेवल्या. चर्चमध्ये लव्हॉनसाठी सगळे उभे राहिले. ग्रेचनने तिला मिठी मारली आणि म्हणाली की मी हरले, बाई. आर्लिस सगळ्यांना सांगत सुटली की लव्हॉनने माझा ऑपरेशन केलेला गुडघा पुन्हा जवळजवळ मोडला. लव्हॉन हसायची, कॉफी ओतायची, आणि खरोखरच खूश होती. ऑफिसात सगळी टेबलं भरलेली बघून तिला रोज सकाळी आनंद व्हायचा. कारखान्याने नव्या काचा बसवल्या. ऑर्व्ह पूर्वीपेक्षा जरा जास्त बोलू लागला.

पण कुणी दारावर टकटक केली की ती हातातलं काम टाकून ताडकन उठायची. भीतीने नव्हे. एका माणसाने आपल्याला 'बाई' म्हणून हाक मारली आणि आपण ओ दिली नाही, हे तिला टोचत होतं. ऑर्व्ह म्हणाला, त्याच्या हातात रायफल होती. ती म्हणाली, माहीत आहे. आर्लिस म्हणाली, मी जिवंत आहे ना? ती म्हणाली, हो गं, त्यासाठी मी पुन्हाही गप्प बसेन. आणि तरीही तिचं मन शांत होईना.

वसंतात तळ्यावरचा बर्फ फुटला त्या आठवड्यात ती एकटी गाडी काढून तुरुंगात गेली. भेटीच्या खोलीत मध्ये काच होती आणि दोन्हीकडे फोन. डॅरिन वाळला होता. त्याने टेबलाकडे बघतच फोन कानाला लावला.

"बाई," तो म्हणाला, "त्या दिवशी तुम्ही आत होतात ना?"

"हो, डॅरिन. आतच होते."

त्याने मान हलवली. "मला माहीत होतं. तुम्ही रडत होतात, ऐकू येत होतं."

"मग?"

"मग मी तुमच्या टेबलापाशी जाऊन बसलो." त्याने पालथ्या हाताने नाक पुसलं. "दार उघडलं असतंत ना बाई, तर मी काय केलं असतं, ते मला अजूनही कळत नाही."

लव्हॉनने काचेवर हात ठेवला. भेटीची वेळ संपेपर्यंत ती त्याच्याशी बोलत बसली. त्याच्या आईचं विचारलं, त्याच्या कुत्र्याचं विचारलं. निघताना पहारेकऱ्याने विचारलं, पुन्हा येणार का? तिने पहिल्याच वेळी हो म्हटलं.